शून्य होईपर्यंत

बसा त्या स्टुलावर. कव्हरखालच्या सायकलला हात मात्र लावू नका. आणि मी सांगत असताना मधेच ‘अगं बाई’ वगैरे करू नका. त्या सुराची मला शिसारी आहे.

काल दुपारी दोन वाजता मी इथेच, या पार्किंगमध्ये, आईच्या इलेक्ट्रिक सायकलचं पंक्चर काढायला बसले. आई नर्स आहे. चारला तिची ड्यूटी होती. बसलेलं चाक मागचं, आणि मोटर नेमकी त्याच चाकाच्या पोटात. म्हणून रस्त्यावरचा एकही पंक्चरवाला हात लावेना. “मॅडम, वायरीचं काम आपलं नाही.” सगळ्यांना या गाड्या चालवायच्या असतात, उघडायच्या मात्र कुणालाच नसतात. मी उघडते. दर रविवारी लोकांना फुकट शिकवतेसुद्धा.

सायकल आम्ही जुनी घेतली, या समोरच्या दुकानातल्या थांबाकाकांकडून. गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला शब्द ‘थांबा’, म्हणून हे नाव. सायकल त्यांच्या बायकोची. काकू दोन वर्षांपूर्वी उतारावर याच सायकलवरून पडून गेल्या, तेव्हापासून ती कव्हरखालीच होती. तीन आठवड्यांपूर्वी आईने घेतली. काकू म्हणे अठराच्या वेगाने जायच्या. आई बाराच्या पुढे नेत नाही. जन्माची घाबरट.

बॅटरी काढून मी वर घरात ठेवली. सायकल उलटी केली, वेग दाखवणारा डिस्प्ले चिरडू नये म्हणून हँडलखाली दोन विटा सरकवल्या. चाकाला हाताने गरका दिला, तसा डिस्प्ले उजळला. त्यात नवल काही नाही. मोटर फिरवली की तीच वीज तयार करते. चाक थांबलं. आकडा तसाच राहिला. अठरा.

“थांब,” मागून आवाज आला. काका दुकानाच्या दारात उभे होते. “शून्य होऊ दे. मग उघड.”

“का?”

“तुझी काकू वाटेत आहे.” मग अगदी हळू म्हणाले, “पावणेतीनला पोहोचते. रोज दुपारी कव्हरखालून उजेड दिसायचा...”

“आणि आम्हाला विकताना हे सांगायला जीभ रेटली नाही?”

“वाटलं, दुसऱ्या कुणी चालवली तर थांबेल.”

मी हसले. चांगलं हसू नव्हतं ते. “काका, साठलेली वीज असते ती. विझेल आता.”

विझली नाही. मी मोटरच्या वायरीचा जोड ओढून वेगळा केला. आता त्या डिस्प्लेला वीज मिळायला कुठूनच वाट नव्हती. अठरा. वरच्या टाकीतून पाणी ठिबकत होतं, ओल्या सिमेंटचा वास येत होता, आणि गेटाबाहेर कुठेतरी बारीक खडीवरून टायर येत असल्यासारखी खरखर...

“त्या दिवशी पंक्चर मीच काढलं होतं,” काका म्हणाले. “तिला घाई होती. वॉशरचा दात खाचेबाहेर राहिला.”

मला समजलं. या चाकाच्या एक्सलवर एक दाताचा वॉशर असतो. त्याचा दात फ्रेमच्या खाचेत बसला, तरच एक्सल मोटरच्या जोरापुढे टिकतो. नाहीतर एक्सलच फिरतो, वायर तुटते, चाक निसटतं.

“म्हणजे हलगर्जीपणा तुमचा आणि पावती भुताच्या नावाने,” मी म्हणाले. “तुम्हा लोकांचं हेच. काम धड करायचं नाही आणि वर दुसऱ्यांना घाबरवायचं.”

“चूक माझीच. म्हणून तर थांबतो, पोरी. ती पोहोचली की माझा दिवस सरतो.”

मला किळस आली. दुःखाचीसुद्धा माणसं कशी सवय करून घेतात! मी आधी वॉशरच्या जागेचा फोटो काढला, मग पाना लावला. आकडा उतरू लागला. चौदा. नऊ. खरखर गेटापाशी आली. ब्रेक दाबल्याची बारीक किंकाळी... सहा. मी चाक खाचेतून हिसकून बाहेर काढलं.

आवाज तुटला. मधेच. सहावरच डिस्प्ले काळा पडला.

काकांनी भिंतीला हात टेकला.

टायरमध्ये नखभर तारेचा तुकडा होता. ट्यूब घासली, सोल्यूशन लावलं, पॅच दाबला. दात खाचेत बसवला, नट आवळले, दोनदा पाहिलं, फोटो काढला. “बघा, काम असं करतात.” काका फोटोकडे बघतच नव्हते. गेटाकडे बघत होते.

“पोहोचली नाही गं...”

“मग बसने येतील,” मी म्हणाले.

हो, असंच म्हणाले. आई साडेतीनला सायकल घेऊन गेली, रात्री सुखरूप आली. झालं? संपली भुताटकी?

आज आईची सकाळची ड्यूटी. मीच तिला बसने पाठवलं. “नट जरा बसू देत,” म्हटलं. नटांना बसायला काय होतं, ते विचारू नका.

आता ते कव्हर एका कोपऱ्यातून जरासं उचला. सायकलला हात न लावता. बॅटरी वर घरात आहे. चाक जागच्या जागी आहे. दिसला आकडा?

अठरा नाही. बारा. आईचा वेग.

आईची ड्यूटी अडीचला सुटली. बस केव्हाच येऊन गेली. फोन वाजतो, कुणी उचलत नाही. काका बघा, दारात उभे आहेत. आज ‘थांब’ म्हणत नाहीत. मीच थांबले आहे; पाना तिकडे लांब ठेवलाय, बघा. दात खाचेत आहे. फोटो आहे माझ्याकडे.

ऐकू येतेय ना तुम्हालाही खरखर? मघापासून येतेय. आणि आकडा अजून बाराच आहे.