विल्फ्रेडची तबकडी

सदर भागातल्या त्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जुन्या तबकड्या विकायला आल्या, की प्रत्येक तबकडी एकदा पूर्ण वाजवून बघायची आणि मगच भाव सांगायचा, असा नियम होता. मालक गिरिधरभाऊंना संगीतातलं ओ की ठो कळत नसे, म्हणून हे काम दुकानात नोकरीला असलेल्या आनंदरावांकडे आलेलं. एकेकाळी इंदोरा वस्तीत आनंदरावांचा ट्रम्पेट वाजू लागला, की लोक नवरदेवाला सोडून बँडकडे बघत. पुढे मिलच्या कार्डिंग खात्यात अकरा वर्षं कापसाची धूळ गिळली आणि छाती बसली. आता स्वतःच्या घराचा जिना चढतानाही त्यांना मध्ये दोनदा टेकावं लागे.

त्या साली, चौऱ्याहत्तरच्या मार्चात, मुलीचं लग्न ठरलं होतं. "बाबा, वरात दारात आली का तुमीच वाजवा जी," प्रेमलता म्हणाली होती. "एकच गाणं. मग बसा." आनंदराव हो म्हणून बसले. लेकीला नाही म्हणणारा बाप अजून जन्माला यायचा आहे.

त्याच सुमारास रेल्वेच्या बंगल्यातल्या एक म्हाताऱ्या बाई खोकंभर तबकड्या घेऊन आल्या. त्या मुलाकडे ऑस्ट्रेलियाला चालल्या होत्या. अगदी तळाशी हाताने लेबल लिहिलेली एक तबकडी होती. रेल्वे क्लबचा हॉल, १९५१, आणि खाली पाच वाद्यं नि वाजवणाऱ्यांची नावं.

"जॅझ है," बाई म्हणाल्या. "पाचों बुड्ढे थे. क्लब के बाहर इनको कोई नहीं पहचानता था."

दुपारी आनंदरावांनी ती लावली. आधी पियानो, मग सॅक्सोफोन, सगळं कसं सावकाश, जेवण झाल्यावर ओट्यावर येऊन बसल्यासारखं. मग ट्रम्पेट आला. यादीत त्याच्यापुढे विल्फ्रेड असं नाव होतं. आनंदरावांच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. हा माणूस मुळीच शेखी मिरवत नव्हता. पुष्कळ वर्षं घरात राहून घरचंच झालेलं एखादं दुःख असतं ना, ते तो कुणावर न रागावता सांगत होता. आनंदरावांचे डोळे भरून आले. बँडवाल्याला सुराआधी श्वास ऐकू येतो. दोन ओळींच्या मध्ये विल्फ्रेड श्वास घेई, भरपूर, बेंबीपासून. नकळत आनंदरावही त्याच्याबरोबर श्वास घेऊ लागले.

संध्याकाळी त्यांची बायको कौसल्याबाई जिन्याच्या तोंडाशी आल्या. "अजी, एका दमात चढून आले? अन् खोकला?"

खोकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशीही. गिरिधरभाऊंना सांगितलं, की घासलेली आहे, कुणी घेणार नाही, आणि काउंटरखाली ठेवून दिली. आठवडाभरात ते सायकल चालवत दुकानात येऊ लागले. कवडू त्यांचा खात्यातला जुना सोबती. त्याचीही छाती तशीच गेलेली. दुपारचा दुकानातल्या स्टुलावर येऊन धापा टाकत बसायचा.

"काय खाऊन राहिला गा तू?" त्याने विचारलं. "मले बी सांग."

"हवा," आनंदराव हसून म्हणाले.

आठव्या दिवशी विल्फ्रेडने एका ओळीच्या मध्येच श्वास घेतला. काल तिथे त्याने घेतला नव्हता. आनंदरावांनी सुई बदलली. पुढच्या दिवशी त्याने आणखी दोन जागी श्वास घेतला. त्यानंतरच्या दिवशी पियानो चालू असताना मागे कुणीतरी खोकलं.

कोरडा, खोलवरून आलेला खोकला. शेवटी बारीक शीळ. तो खोकला आनंदराव रोज पहाटे स्वतःच्याच छातीतून ऐकत आले होते.

दोन दिवस त्यांनी तबकडीला हात लावला नाही. घरी ट्रम्पेट काढून बघितला. सगळं गाणं निघालं, फक्त शेवटचा वरचा सूर हातचा निसटला. लग्नाला चार दिवस उरले होते. एवढ्याशा सुरासाठी लेकीच्या दारात शोभा व्हायची, हे काही त्यांना सोसेना. तेवीस वर्षांपूर्वीची तबकडी, त्यांनी स्वतःला समजावलं. म्हातारा केव्हाच गेला असणार. गेलेल्या माणसाचं आपण काय घेतोय?

गिरिधरभाऊ जेवायला गेल्यावर त्यांनी दाराला कडी लावली आणि सुई ठेवली.

चौघे वाजवत ट्रम्पेटच्या जागेपाशी आले.

ट्रम्पेट आला नाही.

चौघेही थांबले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी हलकेच हाक मारली, "विल्फ्रेड?"

मग नुसतीच खरखर.

लग्नात आनंदरावांनी असं वाजवलं, की वरातीतले नाचणारे थबकले. शेवटचा सूर त्यांनी हवा तेवढा धरून ठेवला. लग्नाच्या पांढऱ्या साडीतली प्रेमलता दारात येऊन रडली. आनंदरावांना त्या घटकेला आनंदाशिवाय काही वाटलं नाही. लाज वाटली ती नंतर, मांडव उतरताना.

रजा संपवून ते दुकानात आले तेव्हा कवडू स्टुलावर नव्हता. तो काउंटरच्या आत उभा होता आणि शीळ घालत होता.

"दोन दिवसांपासून ऐकून राहिलो," तो म्हणाला. "भाऊनं ते खालची तबकडी लावून देली. का सांगू गा, छाती मोकळी झाली."

"तिच्यावर काही नाही," आनंदराव म्हणाले. "कोरी झाली ते."

"काहून कोरी? चार जण वाजवतेत अन् पाचवा तू. तुही फुंक मी झोपेतबी ओळखीन. कवा भरली गा? मले सांगतलंबी नाही."

नको लावू, असं आनंदरावांना म्हणायचं होतं. पहिलाच शब्द निघाला आणि पुढच्याला हवा पुरली नाही. त्यांनी काउंटरची कड धरली.

"बस, बस." कवडूने लगबगीने स्टूल पुढे सरकवलं, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "लग्नाची दगदग झाली तुले. तू आराम कर, मी लावतो."

आणि त्याने सुई अलगद खाली ठेवली.