हात लावू नये

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, तेव्हा तिच्या हातात सोनं होतं आणि त्याच्या हातात जंतू.

सोनं म्हणजे एक काचेची बाटली. आत डाळिंबी रंगाचं पाणी आणि बाहेर ठसठशीत अक्षरांतली चिठ्ठी — ‘हात लावू नये’. जंतू म्हणजे एक डबा, त्यात झाकण घातलेल्या चपट्या बश्यांची चळत. डबा धरणारा उंच होता. सकाळी विंचरलेले केस आता आपल्या मर्जीनं वागत होते आणि चेहऱ्यावर लिफ्ट अडकल्याचा काडीचा राग नव्हता. त्यानं बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा बाटलीकडे पाहिलं.

“सरबत?”

“सोनं.”

“ते पिवळं असतं असं ऐकून होतो.”

“तुकडा मोठा असला तर. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसू नयेत इतके बारीक कण केले, की पाणी असं लाल दिसतं.” विचारलं त्यापेक्षा आपण जास्तच सांगतोय, हे तिच्या लक्षात आलं. “आणि तुमच्या डब्यात?”

“जंतू. पण माणसाळलेले आहेत.”

ती झटकन कोपऱ्यात सरकली. “इकडे तोंड करून श्वास सोडू नका हं.”

“मग कुठे सोडू?”

“भिंतीकडे.”

आणि तो खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा. तिला हसू आवरेना. लिफ्ट सुरू झाली तेव्हा कळलं, की दोघांना एकाच मजल्यावर, एकाच दारात जायचंय. तिच्या कामासाठी दुसऱ्या शहरातून मागवलेले सूक्ष्मजीवशास्त्राचे तज्ज्ञ ते हेच. तिच्या मनात पोट सुटलेले, जाड चष्म्याचे कुणीतरी गृहस्थ होते.

लॅबमध्ये तिला सगळे ‘सोनारीण’ म्हणत. त्याचा आठवड्याच्या आत ‘जंतूराव’ झाला आणि त्यालाही ते नाव आवडलं.

काम असं होतं. ज्यांच्या किडन्या थकतात त्यांचं रक्त यंत्रात धुऊन काढावं लागतं, आणि त्या यंत्राला लागतं अतिशय शुद्ध पाणी. त्या पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे कळायला बश्यांवर ते वाढवून पाहावे लागत आणि त्यात दिवसच्या दिवस जात. सोनारणीला हे चहा पिऊन होईपर्यंत सांगायचं होतं. तिच्या लाल सोन्यात ते पाणी टाकायचं. पाणी चोख असेल तर सोनं लाल राहील. जंतू असतील तर सोन्याचे कण त्यांना चिकटून गोळा होतील आणि लालाचं निळं होईल. जंतू पुरवणं हे जंतूरावाचं काम.

यात तिचा जीव अडकायला कारण होतं. घरी तिची आत्या होती, जिनं तिला लहानाचं मोठं केलं होतं, आणि ती आत्या आठवड्यातून दोनदा त्या यंत्राला जोडून घ्यायला जात असे.

“अगं, तुझं ते सोनं मला अंगावर घालता येत नाही, मोडता येत नाही,” आत्या म्हणायची. “निदान त्याच्या पायी एखादा बरा मुलगा तरी घरी आण.”

“आत्या, तिथे फक्त जंतू असतात.”

“मग जंतूवालाही असेलच की.”

आत्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण नाक मात्र तिखट होतं.

जंतूराव लॅबमध्ये आला की आधी आपल्या बश्यांना विचारी, “काय मंडळी, झोप झाली?” मग चहा आणी आणि कपाचा कान तिच्याकडे वळवून ठेवी. ती खिडकीशी उभी राहून चहा पीत असे. तो शेजारी उभा राही, पण अर्धं पाऊल मागे — आणि तोंड भिंतीकडे.

“अजून शिक्षा चालू आहे?” तिनं एकदा विचारलं.

“तुम्ही माफ केल्याचं काही ऐकलं नाही.”

“वळा इकडे.”

तो वळला. खूपच जवळ निघाला. दोघांनी घाईघाईनं चहाचा घोट घेतला आणि दोघांची जीभ पोळली.

पण हे सकाळचं सुख अचानक आटलं. लॅबमधले मामा तिच्या बाटल्या धूत असत, त्यांची कंबर धरली. बाटल्या धुणं तिच्यावर आलं. रोज सकाळी ती त्या मोरीशी उभी, चहा तिकडे टेबलावर गार. असं थोडे दिवस चाललं, आणि मग एका सकाळी पाहते तर बाटल्या धुऊन, पुसून, ओळीनं पालथ्या घातलेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मामांची कंबर सुटली वाटतं, असं म्हणून ती खूश झाली. चहा पुन्हा सुरू झाला, आणि या खेपेला चांगला लांबला. त्याला कोंबड्यांची भीती वाटते, तिला शिट्टी वाजवता येते, असल्या अत्यंत महत्त्वाच्या गोष्टींची देवाणघेवाण झाली.

आणि इकडे सोनं बिघडायला लागलं.

बाटलीत भरताना लाल असलेलं पाणी बघता बघता जांभळं पडायचं. जंतू न टाकताच. एकही जंतू नसलेल्या पाण्यात सोनं ‘जंतू आहेत, जंतू आहेत’ म्हणून बोंब मारायचं. तिनं नवीन केलं, तेही गेलं. पुन्हा केलं, पुन्हा गेलं. गुरुवारी हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई पाहायला येणार होत्या. त्यांना पटलं तर काम पुढे चालणार होतं, नाही पटलं तर काम बंद आणि जंतूराव आपला डबा घेऊन परत आपल्या शहरात. यातल्या कुठल्या गोष्टीची धास्ती जास्त होती, हे तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

सोमवारी दुपारी आणखी एक बाटली जांभळी झाली आणि तिचा धीर सुटला. लॅबमध्ये नवीन असं एकच काय आलं होतं? तो.

“तुझे जंतू माझ्या सोन्यात शिरतायत,” ती म्हणाली. “हात तरी धुतोस का तू?”

स्वयंपाक्याला ‘चव तरी घेतोस का’ म्हणावं, तसलं हे. जंतू पाळणारा माणूस दिवसातून जितके वेळा हात धुतो, तितके वेळा आपण आरशातही पाहत नाही. त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

“धुतो,” एवढंच म्हणाला आणि डबा उचलून शेजारच्या खोलीत गेला.

मंगळवारी चहा आला नाही. ती खिडकीशी एकटीच उभी राहिली... बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि तिला अर्धं पाऊल मागे कुणी नाही याचा भयंकर राग येत होता. आपण बोललो ते लागलं असणार, हे कळत होतं. जाऊन बोलायला पाय उचलत नव्हता.

संध्याकाळी ती घरी निघाली, फाटकापर्यंत गेली आणि आठवलं की छत्री वरच राहिली. परत आली. लॅबच्या दाराशी टेकवलेली छत्री उचलली, तोच आतून शीळ ऐकू आली — बेसूर, पण मन लावून घातलेली. मोरीशी जंतूराव उभा होता. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर, हात फेसानं भरलेले. नळ धो धो सोडलेला. तिची एकेक बाटली तो साबणानं घासत होता, नळाखाली धरत होता, उजेडाकडे नेऊन पाहत होता. शेजारी स्टुलावर मामा, खांद्यावर फडकं टाकून, देखरेखीला.

छत्री तिच्या हातातून पडली.

मामा उठले. “बाई, माझी कंबर काही सुटली नाही. साहेब म्हणाले मी धुतो, पण सांगू नका. मी फक्त म्हटलं, बाईंना अगदी स्वच्छ लागतात. साहेबांची पद्धत वेगळी दिसली, पण शिकलेल्या माणसाला मी काय सांगणार?” आणि कंबर धरलेल्या माणसाला न शोभेल अशा चपळाईनं ते बाहेर सटकले.

“नळाचं पाणी,” ती पुटपुटली. “आणि साबण.”

“चांगला साबण आहे,” तो गोंधळून म्हणाला. “वरून वाफ देतो. या बाटलीत आता एकही जिवंत जीव सापडायचा नाही. याहून स्वच्छ काय असतं?”

“नळाच्या पाण्यात क्षार असतात. मीठ म्हण ना. पाणी वाळतं, मीठ काचेला राहतं. माझ्या सोन्याला कणभर मीठ लागलं तरी ते गोळा होतं. निळं होतं. मी आम्लानं धुते, मग शुद्ध पाण्यानं, मामांना शिकवलं होतं तसं...”

तिनं वाक्य सोडून दिलं. दोघंही बाटल्यांच्या रांगेकडे पाहत राहिली. त्याचं स्वच्छ वेगळं होतं, तिचं स्वच्छ वेगळं होतं, आणि आजवर दोघांपैकी कुणीही ‘म्हणजे कसं?’ असं विचारलं नव्हतं.

“म्हणजे तुमच्या सगळ्या मेहनतीवर मी पाणी फिरवलं,” तो म्हणाला. “तेही नळाचं.”

ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. “पण का? कुणी सांगितलं होतं तुला?”

तो हातावरचा फेस पाहत राहिला. “तुमची सकाळ बाटल्यांत जात होती. चहा... चहा राहून जात होता.”

“आज तर चहाही नव्हता. मग आज का धुतोयस?”

“भांडण तुमच्याशी होतं. बाटल्यांशी नाही.”

खाली पडलेली छत्री उचलायला ती वाकली, कारण चेहरा लपवायला दुसरी जागा नव्हती. “काल मी फार वाईट बोलले. ते परत घेते.”

“घ्या. फक्त त्यातलं ‘तू’ राहू द्या.”

पाऊस वाढला होता बहुतेक. निदान कानांत कसला तरी आवाज येत होता. “मग तुलाही म्हणावं लागेल,” ती म्हणाली.

“तू,” त्यानं म्हणून पाहिलं. आणि पुन्हा एकदा, नीट, “तू.”

बुधवारी तिनं त्याला आपल्या पद्धतीनं बाटल्या धुवायला शिकवलं आणि मग त्याच्यासमोर सोनं केलं. सोनं विरघळलेलं फिकट पिवळं पाणी उकळायला ठेवलं, त्यात लिंबातल्या आंबटाचा क्षार सोडला — हा क्षार सोनं बिघडवत नाही, घडवतो. पिवळेपण गेलं. पाणी काळसर झालं.

“गेलं का?” तो कुजबुजला.

“थांब.”

काळ्यातून जांभळं, जांभळ्यातून हळूहळू, आतून कुणी दिवा मोठा करावा तसं, लाल उजळत आलं. तिनं हे कितीदा तरी पाहिलं होतं. आज पहिल्यांदा तिनं पाण्याकडे न पाहता पाहणाऱ्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून उभा होता.

“सोड आता श्वास,” ती म्हणाली. “इकडे सोडलास तरी चालेल.”

उरलेल्या दुपारी त्यानं एक उद्योग केला. जांभळं पडलेलं सोनं ती ओतून देणार होती, तेवढ्यात तो म्हणाला, “बिघडतं तर बिघडतं. कसं बिघडतं ते तरी पाहू.” मग ताज्या सोन्याच्या एका बाटलीत नळाचं पाणी टाकलं, एकीत जंतू, आणि दोघं हनुवटी टेबलावर टेकून बघत बसली.

गुरुवारी डॉक्टरीणबाई आल्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. पर्समधून त्यांनी स्वतः आणलेल्या तीन छोट्या बाटल्या काढल्या. “कशात काय आहे ते मला माहीत आहे. तुम्ही सांगा.”

पहिलं पाणी टाकलं. सोनं लाल राहिलं. दुसरं टाकलं. आधी काही झालं नाही, आणि मग मामांनी आणलेला चहा कोमट होईतो लाल हळूहळू जांभळं आणि जांभळं निळं झालं. तिसरं पाणी पडताक्षणीच सोनं निळं झालं.

“म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्हींत जंतू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात निराशा होती. “चुकलं. तिसरं मी उकळून आणलंय, त्यात एकही नाही.”

सोनारणीनं जंतूरावाकडे पाहिलं. तो तिच्याचकडे पाहत होता.

“तिसरं नळाचं आहे,” दोघं एकदम म्हणाली.

डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या.

“जंतू असले तर रंग सावकाश बदलतो,” ती म्हणाली.

“आणि मीठ असलं तर लगेच,” तो म्हणाला. “हे आम्ही... अं... बरंच धुऊन शिकलो.”

डॉक्टरीणबाईंनी ती तिसरी निळी बाटली जवळ ओढली. मग पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसल्या. “आमच्या गाळण्या फुटल्या की नळाचं पाणी यंत्रात जातं. पेशंटला जंतूंइतकाच त्याचाही धोका असतो. तुमचं सोनं तेही सांगतं, हे तुम्ही आधी का नाही बोललात?” त्यांनी समोरचा कोमट चहा एका घोटात संपवला. “पुढच्या महिन्यापासून आमच्याकडे लावून पाहू. दोघांनीही यायचं.”

त्या गेल्यावर सोनारणीनं आधी आत्याला फोन केला.

“आत्या, झालं. तुझ्या यंत्राला माझं सोनं लागणार.”

पलीकडून आत्या नाक ओढून म्हणाली, “बरं झालं. आणि दुसरं?”

“दुसरं काय?”

“तुला माहितीये काय ते,” असं म्हणून आत्यानं फोन ठेवून दिला.

दुसरं समोरच उभं होतं. लाल राहिलेली पहिली बाटली उजेडात धरून, त्यावरची चिठ्ठी वाचत.

“‘हात लावू नये’,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये वाचलं होतं. तेव्हापासून विचारायचं होतं — हे फक्त बाटलीपुरतं आहे, का...”

“का?”

“का... बाटली धरणारीलाही लागू आहे?”

तिनं त्याच्या हातातून बाटली घेतली. नखानं चिठ्ठीचा एक कोपरा उचलला, ती सावकाश सोलून काढली आणि त्याच्या जंतूंच्या डब्यावर चिकटवली. बाटली टेबलावर ठेवली. मग हात पुढे केला.

तो मोरीकडे वळला.

“कुठे निघालास?”

“हात धुवायला. तुझ्या पद्धतीनं धुऊ, की माझ्या?”

“तसाच दे,” ती म्हणाली.