छत्तीस बादल्या

डोंगा जुना झाला की टिकाराम तो नदीत घालण्याआधी काठावरच पाण्यानं भरून पाहतो. बाहेर थेंब दिसला की तिथं खडूची खूण. मोहाडी तालुक्यातल्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे डोंगे तो तीस वर्षं असेच तपासत आला होता.

हा डोंगा गोदावरीबाईचा. कार्तिकात तिचा मुलगा अमर जाळं टाकायला गेला. डोंगा वैनगंगेत अर्धा बुडालेला सापडला. अमर सापडलाच नाही.

"भेग असन तं सांग, भाऊ," ती म्हणाली. "गाव म्हणते, पोरगा दारू पिऊन होता. मले खरं पायजे."

टिकाराम सांध्यांवरून अंगठा फिरवत मागच्या टोकाशी आला. जाळं टाकणारा जिथं पाठ टेकतो, तिथं डांबराची खपली हातात आली. खाली बोटभर भेग. पलीकडची वाळू दिसत होती.

आषाढात त्यानंच ती बुजवली होती. लाकूड ओलं होतं, पण अमर ऐकेना. "लावून टाक ना काका, मासोळी चढून राहिली." ओल्या लाकडावर डांबर धरत नाही, हे माहीत असून टिकारामनं लावलं होतं.

त्यानं बादली उचलली. पाणीच काय ते सांगेल.

दोघं बादल्या ओतू लागले. आषाढात बसायच्या फळीपर्यंत चाळीस मावल्या होत्या. आज छत्तिसावीलाच पाणी फळीला टेकलं.

टिकारामनं वाकून पाहिलं. भेगेखालची वाळू कोरडी होती.

त्यानं सगळं उपसलं, पुन्हा भरलं. पुन्हा छत्तीस. भर दुपारचं ऊन, नितळ पाणी. तळाच्या फळ्या स्पष्ट दिसत होत्या. आत काही नव्हतं. त्यानं बाहेरून भेगेत काडी घातली. ती अर्धी गेली आणि मऊ कशाला तरी टेकली.

त्यानं हात मागं घेतला.

"गळते का?"

"नाही."

"मंग गाव खरंच बोलते," ती म्हणाली. मग तिनं पाण्याकडे पाहिलं. "अमर तं चाळीस लागते म्हणे, भाऊ. चार कमी काहून लागल्या?"

टिकारामची नजर भेगेकडे गेली.

ती डोंग्याच्या मागच्या टोकाशी गेली. जेवायला हाक मारावी तशी म्हणाली, "पाठ टेकवून नोको बसू, बाबू. उठ."

पाणी एकदम चार बोटं खाली गेलं.

मग भेगेतून धार सुटली, टिकारामच्या पायांवर.

"वैनी, माही चूक हाय," तो म्हणाला. "पोरगा पिऊन नव्हता."

तिचं लक्ष नव्हतं. कुणाचं डोकं पुसावं तसा तिनं पदर वर धरला होता, टाचा उचलून, स्वतःपेक्षा हातभर उंच.

पदरातून पाणी ठिबकायला लागलं.