शिवली नव्हती

सांगलीत आता कुणाच्याही घरी अंधूक चित्र उरलं नव्हतं. आजीच्या लग्नाची चित्रफीत लावली, तरी मांडवात मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आत्याच्या नथीतले मोती दिसत. बारशाच्या, मुंजीच्या, गॅदरिंगच्या ज्या म्हणून फिती माळ्यावर बुरसून पडल्या होत्या, त्या सगळ्या टीव्हीखालच्या डब्यातून कालच काढल्यासारख्या लख्ख होऊन बाहेर येत. हे काम करणाऱ्या प्रणालीला कंपनीनं लांबलचक नाव ठेवलं होतं. लोकांनी तिला 'रफू' म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. जुन्या चित्राला पडलेली भोकं ती मागमूस न ठेवता भरून काढायची.

नवा डबा आणला की तो पहिल्यांदा एकच प्रश्न विचारायचा: रफू की 'जैसे थे'? जैसे थे ही दुसरी प्रणाली. मूळ फितीत असेल तेवढंच ती दाखवी. डाग तर डाग, धुरळा तर धुरळा. ती निवडणारी माणसं शहरात शोधून सापडली नसती. शेजारच्या खोतांच्या वारलेल्या सासऱ्यांना रफूनं मिशी दिली, जी त्यांना जन्मात नव्हती. घरात आधी हसाहशी झाली. पण वर्षश्राद्धाला फोटो करून घेतला तो मिशीसकटच, आणि मुलांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही.

त्यांच्या जागी रेश्मा मगदूम असत्या तर त्यांनी काढला असता. निवृत्त खेळशिक्षिका, कृष्णातीर क्रीडा मंडळाच्या अध्यक्षा आणि अख्ख्या गावाला ठाऊक असलेल्या हेकट बाई. तरुणपणी राज्य अजिंक्यपदाच्या खो-खोच्या अंतिम सामन्यात संघाची शेवटची गडी म्हणून त्या मैदानात पळत होत्या. खो-खोत पाठलाग करणारीनं पळणारीला नुसतं शिवलं की ती बाद. वेळ संपेपर्यंत रेश्माबाई टिकत्या तर मंडळ जिंकलं असतं. अगदी शेवटच्या क्षणी साताऱ्याच्या पल्लवी आवटीनं मागून सूर मारला, पंचांनी शिट्टी फुंकली आणि मंडळ हरलं.

"मला शिवली नव्हती," हे रेश्माबाई तेव्हापासून म्हणत आल्या. मैदानावर म्हणाल्या, घरी म्हणाल्या, बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा ठेवतानाही म्हणाल्या. ते स्थळ अर्थातच गेलं. सामन्याच्या जुन्या फितीवरूनही काही कळत नव्हतं. धुळीत दोन आकृत्या एकमेकींत मिसळत आणि शिट्टी ऐकू येई. त्यामुळे त्यांना कुणी खोटं पाडू शकलं नाही आणि खरंही ठरवू शकलं नाही.

खरं काय ते आणखी एकीला माहीत होतं. बऱ्याच वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत पल्लवी त्यांच्या शेजारी बसली होती. मठ्ठ्याची वाटी हातात धरून ती हळूच म्हणाली होती, "रेश्मा, माझा हात पोचला नव्हता गं. शिट्टी झाली, पोरी अंगावर येऊन पडल्या, मग बोलायचं राहूनच गेलं." रेश्माबाईंनी ते कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. हे पल्लवीनंच चारचौघांत सांगायला हवं होतं. म्हणून मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाला त्यांनी तिलाच पाहुणी म्हणून बोलावलं. फीत दाखवायची आणि माईक तिच्या हातात द्यायचा, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

महोत्सवाच्या आधी सभागृहात मोठा पडदा आणि नवा डबा आला. तो जोडून द्यायला डॉ. तस्नीम मुलाणी आली. रफूला शिकवून तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी ती एक. तिची आई शबाना रेश्माबाईंच्याच संघातली. तस्नीमनं सवयीनं रफू निवडली आणि सामन्याची फीत लावून बघितली.

धूळ बाजूला झाली. विशीतल्या रेश्माबाई पडद्यावर धावत आल्या, घामानं भिजलेली जर्सी पाठीला चिकटलेली. मागून पल्लवी हवेत झेपावली. तिची बोटं पाठीवरच्या आकड्याखाली टेकली आणि कापडाला सुरकुती पडली.

"हे खोटं हाय," रेश्माबाई म्हणाल्या. एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाई रागावल्या की त्यांची बोली वर यायची.

"खोटं म्हणता येणार नाही, मावशी. आणि खरंही नाही." तस्नीम त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. "जुन्या कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे नुसते मोठे मोठे ठिपके. तुमची पाठ आणि तिचा हात यांच्यामधली जागा अख्खी एका ठिपक्यात बसलीय. त्या एका ठिपक्याच्या जागी ह्या पडद्याला शेकडो लागतात. ते आणायचे कुठनं? रफूनं खो-खोचे लाखो डाव बघितलेत. इतक्या जवळनं मारलेला सूर बहुतेक वेळा शिवतो, हे तिला माहीत आहे. म्हणून तिनं हात पोचवला."

"बहुतेक म्हणजे मी नव्हे."

"शिवाय शिट्टी आहे ना. रफू आवाजही ऐकते. शिट्टी झाली म्हणजे गडी बाद झाला असणार, असं तिनं धरलं."

"म्हणजे पंचानं शिट्टी मारली म्हणून डब्यानं हात लावला, आणि डब्यात हात लागलेला दिसतोय म्हणून पंच बरोबर. बरं जमवलंय की तुम्ही." रेश्माबाई उठून पडद्याजवळ गेल्या. "पल्लवीनं शिवलं नाही, तुझ्या डब्यानं शिवलं. टाकाही घातला आणि मला बादही केलं."

तस्नीमला वाईट वाटलं. हे गाऱ्हाणं ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती आणि मावशीवर तिचा जीव होता. "एक करता येतं," ती म्हणाली. "घरच्या माणसांचं म्हणणं रफूला साक्ष म्हणून देता येतं. आजोबांना टक्कल होतं, साडी हिरवी होती, असं लोक देतात की. मी तुमची साक्ष घालते. हात वीतभर अलीकडे थांबेल. अख्ख्या सभागृहाला स्वच्छ दिसेल."

रेश्माबाईंना मोह झाला. दुसरं काय होणार? जे एकदा बघायला मिळावं म्हणून त्या उभा जन्म तळमळल्या, ते एका बटणावर आलं होतं. आपली पाठ आणि तो हात यांच्यामधली वीतभर उघडी जागा त्यांना पडद्यावर दिसूही लागली.

"नको," त्या म्हणाल्या. "मग माझं सुटणंही तुझ्या डब्याचंच झालं की. जैसे थे लाव."

"लोक हसतील, मावशी. पडदा खराब आहे म्हणतील."

"हसू देत. न घडलेलं कुणी मला लख्ख दाखवायचं नाही. माझ्या बाजूचं असलं तरी नाही. आणि पल्लवी येणार आहे, ती सांगंल काय ते."

महोत्सवाला सभागृह खचाखच भरलं. पल्लवी आली, केस पांढरे झालेले, गुडघ्यामुळे हातात काठी. दोघी गळ्यात पडल्या. दिवे मंद झाले आणि पडद्यावर धुळीचा लोट उठला. अपेक्षेप्रमाणे मागून कुणीतरी ओरडलं, "डबा बिघडला काय?" रेश्माबाई पहिल्या रांगेत ताठ बसून राहिल्या. दोन आकृत्या जवळ आल्या, मिसळल्या, शिट्टी झाली.

"लागला की हात," मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली.

"लागलाच. स्पष्ट दिसतोय."

रेश्माबाईंनी वळून पाहिलं. धुळीच्या लोटात कुणाला काय स्पष्ट दिसावं? मग उलगडा झाला. मंडळाच्या पोरांनी निमंत्रणाबरोबर ती फीत घरोघरी पाठवली होती. घरोघरच्या डब्यांनी ती रफू करून दाखवली होती, आणि लोकांनी ती पोराबाळांसकट पुन्हा पुन्हा बघितली होती.

त्यांनी माईक पल्लवीच्या हातात दिला. पल्लवी काठी टेकत उभी राहिली.

"शिवलं होतं मी," ती म्हणाली.

"पल्लवी, पंगतीत काय म्हणाली होतीस?"

"म्हणाले असंन गं. तुझं मन राखायला म्हणाले असंन. पण मी खोटं बोलत नाही. मला लख्ख आठवतंय. तुझी जर्सी घामानं ओली होती, ते ओलं कापड बोटांना लागलेलं आठवतंय." तिचे डोळे भरून आले होते. "तुझ्यावर अन्याय केला म्हणून मी इतकी वर्षं कुढत होते. परवा नातवानं फीत लावली आणि जीव हलका झाला बघ."

तिच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. रेश्माबाईंना त्याचंच भय वाटलं. ज्या एका माणसाजवळ त्यांचं खरं सुखरूप होतं, तिथंही रफू फिरून गेली होती, आणि त्या माणसाला त्याबद्दल सुटल्यासारखं वाटत होतं.

"पुन्हा लाव," त्या तस्नीमला म्हणाल्या.

"जैसे थेच लावलीय, मावशी. मी काही बदललेलं नाही." तस्नीम त्यांच्या कानाशी वाकली. "पण डोकंही रफूच करतं. एकदा लख्ख बघितलं की अंधूक बघताना ते तेच भरतं. हे काढायचं कसं, ते आम्हाला अजून येत नाही."

फीत पुन्हा लागली. तीच धूळ, तेच मोठमोठे ठिपके. रेश्माबाई पडद्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या. आकृत्या जवळ आल्या, आणि त्या राखाडी गोंधळात त्यांना पाच बोटं दिसली. बोटं आकड्याखाली टेकली. कापडाला सुरकुती पडली. त्यांच्या पाठीवर नेमक्या त्या जागी काहीतरी ओलसर लागल्यासारखं झालं.

सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. आता तरी म्हातारी हार मानेल, अशा थोड्या मायेनं, थोड्या कंटाळ्यानं बघत होतं. रेश्माबाईंनी पल्लवीच्या हातून माईक घेतला.

"मलाही दिसलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिसतंय तसंच दिसलं. खोटं कशाला सांगू?"

टाळ्या वाजायला लागल्या. त्यांनी हात वर करून थांबवल्या.

"पण मला शिवली नव्हती."

कुणीतरी हसलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा उच्चारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. हे आपण आठवून म्हणतोय की चाळीस वर्षांच्या सवयीनं, ते आता त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पडद्यावर फीत फिरून सुरुवातीला आली होती आणि धुळीतून कुणीतरी धावत येत होतं. रेश्माबाई पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाल्या.