खोडरबराला बंदी

"उद्यापासून वर्ग बंद!" ग्रंथपालकाकांनी ओलं पुस्तक टेबलावर आपटलं. "त्या बाटल्या आणि ते प्रयोग! मागच्या कपाटाखाली रोज पाणी!"

ताईचा चेहरा एवढासा झाला. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि सुट्टीत वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांना विज्ञान शिकवायची. तिच्या वर्गात खोडरबराला बंदी होती! आधी अंदाज लिहायचा, मग तपासायचा. चुकला तर ज्याचा त्याने पुढे 'चुकला' लिहायचं, खोडायचं मात्र नाही. शाळेत खोडून खोडून वहीला भोकं पाडणारी चिमी इथे आता कुठे बोलायला लागली होती.

"माझ्याकडूनच सांडत असेल," ताई पुटपुटली.

"तपासल्याशिवाय कसं म्हणतेस?" तिच्या वर्गातला बडबड्या उसळला.

त्याच्या शेजारच्या चष्मिसने वहीत लिहिलं, 'अंदाज पहिला, काकांचा: ताईच्या बाटल्या.' चिमीसकट तिघांनी सगळ्या बाटल्या बाहेर हलवल्या, फरशी पुसली. तासाभराने बघतात तर पुन्हा पाणी!

"खिडकी!" बडबड्या म्हणाला. पण खिडकीखाली फरशी कोरडी ठणठणीत. त्याने तोंड वाकडं करत 'चुकला' लिहिलं.

चिमी कधीची वर बघत पेन्सिल चावत होती. "ताई, चुकलं तर?"

"तर काय? माझ्या वहीत त्रेचाळीस चुकलेत!" ताई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली.

चिमीने लिहिलं, 'एसी.' तिने भिंतीला हात लावला. एसीपासून कपाटामागे थेट ओला ओघळ!

तिघं बाहेर धावली. एसीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा! आणि बरोबर खाली काकांची स्कूटर!

"काका, हा बोळा कुणाचा हो?" बडबड्याने मागोमाग आलेल्या काकांना साळसूदपणे विचारलं.

"माझा. सीटवर पाणी ठिबकतं म्हणून..." काका बोलता बोलता थांबले. त्यांनी बोळा उपसला आणि साठलेलं पाणी भळाभळा स्कूटरवर सांडलं.

"शाबास रे पोरांनो!" ते ओशाळून म्हणाले. मग ताईकडे वळले. "माझंच चुकलं, पोरी. वर्ग चालू राहू दे." ताईचे डोळे भरून आले.

चष्मिसने वही पुढे केली. काकांनी पहिला अंदाज वाचला आणि खिसे चाचपले. "खोडरबर आहे का रे कुणाकडे?"

"काका, इथे खोडत नाहीत!" चिमीने ठणकावलं आणि आपली चावलेली पेन्सिल त्यांच्या हातात दिली.