करंगळीचा वेढा

मुलांनो, बुटाची नाडी बांधताना तुमची बोटं कशी कशी फिरतात, ते नाडी हातात न घेता सांगा पाहू. अडलात ना? तुम्हाला आठवत नाही, पण बोटांना आठवतं. आता कल्पना करा, की बोटांची ही आठवण एका हातमोज्यात साठवता येते आणि आजारी हाताला परत शिकवता येते. रत्नागिरीच्या एका रुग्णालयात असा स्मरणमोजा नुकताच आला होता, तेव्हाची ही गोष्ट.

हिराजी तांडेल आजोबा तिथे खिडकीशी बसून बंदरातल्या डोलकाठ्या पाहत असत. पन्नास वर्षं त्यांनी मासेमारीची जाळी विणली होती. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता.

"सुका बोंबील झालाय याचा," ते म्हणत. "बोंबलाची निदान चटणी तरी होते."

नसीमा मुकादम तिथल्या व्यवसायोपचारतज्ज्ञ. माणसाला त्याचं नेहमीचं काम पुन्हा करता यावं, म्हणून त्या झटत. त्यांनी बंदरावरच्या तीन पटाईत विणणाऱ्यांच्या हालचाली मोज्यात भरून आणल्या. तो मोजा चढवूनही आजोबांचा हात ढिम्म राहिला.

"मेंदू परक्या हाताचं ऐकत नाही, मॅडम," मोजा बनवणारे साळवी म्हणाले. "त्याला स्वतःचीच जुनी लकब ओळखीची वाटते. शिवाय झटका आल्यापासून नव्वद दिवसांनंतर त्याची शिकण्याची वाट बुजते. आज अठ्ठ्याऐंशीवा दिवस."

"यांच्या हालचालींची आधीची नोंद?"

"धडधाकट असताना कोण करून ठेवतं?"

जेवणाचा डबा घेऊन आलेली नऊ वर्षांची नात आर्वी कोपऱ्यात जाळ्याचा तुकडा विणत होती. नसीमांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. प्रत्येक गाठीआधी ती करंगळीभोवती दोऱ्याचा एक वेढा घेत होती.

"हा वेढा कशाला गं?"

आर्वी ओशाळली. "चूक आहे ती. काका रोज ओरडतो. म्हणतो, तुझी एक गाठ होईपर्यंत माझ्या दोन होतात. पण आजोबांच्या मांडीवर बसून शिकले ना, आता सुटत नाही."

आजोबा हसले. "अगं, ती माझी खोड! तरुणपणी होडीच्या नांगराच्या दोरात करंगळी सापडली, ती पुन्हा वाकलीच नाही. दोरा ताणून धरायला वेढा घ्यायचो. ही वेडी माझ्या मोडक्या बोटाची नक्कल करत बसलीय!"

नसीमांनी साळवींकडे पाहिलं. "नोंद आहे की!"

"पण हात केवढासा..."

"लकबीला माप असतं का हो?"

"नसतं," साळवी हळूच म्हणाले. "फक्त क्रम असतो."

ढगळ मोजा घालून आर्वीने दहा ओळी विणल्या. मग तोच मोजा आजोबांच्या हातावर चढला आणि बोटांत दोरा दिला गेला. बराच वेळ काही झालं नाही. अचानक अंगठा सरकला, मनगट वळलं आणि दोरा करंगळीभोवती फिरून आला.

"माझाच आहे हा," आजोबा पुटपुटले. "हरवला नव्हता. हिच्याकडे ठेवला होता."

साळवी म्हणाले, "आर्वी, आता ती चूक सोडलीस तरी चालेल हं."

आर्वीने विचारलं, "आणि उद्या माझा हात आजारी पडला तर?"

आर्वीने रिकामा डबा उचलला. घरी गेल्यावर तिने गोट्या खेळणाऱ्या धाकट्या भावाला, किशूला हाक मारली, त्याला समोर बसवलं आणि त्याच्या करंगळीभोवती दोऱ्याचा एक वेढा घातला.