सरस्वतीबाई, एक्केचाळीस

उद्धव सरांचा जुना लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा आणि मध्येच बंद पडायचा. म्हणून त्यांनी नवा घेतला. त्यात विंडोज होतं, कारण पडद्यावरचं मराठी वाचून दाखवणारा आवाज त्यांना त्यावर जास्त स्पष्ट वाटायचा. सरांना तीस वर्षांपासून दिसत नाही. देऊळगाव राजाच्या शाळेत ते संगीत शिकवायचे. मी त्यांच्याकडेच पेटी शिकले. निवृत्त झाल्यावर ते गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करू लागले. प्रत्येक गावाचं एक फोल्डर, त्यात प्रत्येक माणसाचं एक. असे बाराशे फोल्डर.

त्यात ते बिनचूक फिरायचे, ते 'जा'मुळे. हा फुकट मिळणारा छोटासा प्रोग्राम. 'जा अमडा' टाइप केलं की अमडापूरच्या फोल्डरात नेऊन सोडतो. आपण कुठे किती वेळा गेलो याची यादी ठेवतो, आणि नुसतं 'जा' म्हटलं तर जिथे सगळ्यात जास्त वेळा गेलो तिथे नेतो आणि किती वेळा गेलो तो आकडाही सांगतो. अडचण एवढीच, की तो चढवणारा इन्स्टॉलर फक्त जुन्या लॅपटॉपवरच्या लिनक्ससाठी लिहिलेला होता.

"तू करून देशील ना, शरयू?" सर म्हणाले. "बाहेर मले काठी आहे. यात हेच आहे."

मी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करते. आठवडाभर रजा टाकली आणि इन्स्टॉलर नव्यानं लिहिला. फाइल कुठे ठेवायची, यादी कुठे साठवायची, सगळं विंडोजच्या रीतीनं. सोमवारी सकाळी तो सरांच्या लॅपटॉपवर चढवला. यादी कोरी असणार होती. सरांनी कळा चाचपल्या आणि नुसतं 'जा' टाइप केलं.

आवाज म्हणाला, "पिंपळगाव राजा. सरस्वतीबाई. एक्केचाळीस."

"ही कोण?" सरांनी विचारलं.

"तुमचंच जुनं काहीतरी आलं असेल."

"मी पिंपळगाव राजाले कधी गेलोच नाही."

डिस्कवर असं फोल्डर नव्हतं. जुन्या लॅपटॉपवरही नव्हतं. मी यादी पुसली आणि इन्स्टॉलर पुन्हा चालवला. पुन्हा एक्केचाळीस. माझ्या कॉम्प्युटरवर चालवला, तिथे यादी कोरी. पुण्याच्या ऑफिसातल्या शंतनूला पाठवला, त्याच्याकडेही कोरी.

मंगळवारी आवाज म्हणाला, "बेचाळीस."

मला चूक सापडत नाही असं सहसा होत नाही. मी कोडची एकेक ओळ वाचली. लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोजसुद्धा नव्यानं टाकलं. इंटरनेट बंद केलं. शेवटी मोजणी करणारा भागच काढून टाकला. आता आकडा येणं शक्यच नव्हतं.

बुधवारी, "त्रेचाळीस."

सरांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "बाई तर असेल ना कोणी? उद्या जाऊ."

पिंपळगाव राजा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी सातला माझ्या गाडीनं निघालो, साडेदहाला पोचलो. चौकातल्या चहावाल्याला विचारलं.

"सरस्वतीबाई? ओट्यावर एकल्याच बोलत बसतात, त्या काय?" त्यानं विचारलं. "मंदिरामागं जा."

ओटा शेणानं सारवलेला होता. ऐंशीच्या घरातली बाई, हातात तूर पाखडायचं सूप. सरांना बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"आज लवकर आले मास्तर? आन् संगं पोरगी?"

"तुमी ओळखता मले?" सरांनी विचारलं.

बाई हसली. "बोलले व माय! दीड महिना झाला, रोज अकराले येता, बसता, ऐकता. एक शबुद नाही तोंडातून."

माझ्या दंडावरचा सरांचा हात घट्ट झाला. पण आवाज शांत होता. "काय काय सांगतलं तुमी मले?"

"सारंच सांगतलं. छकुलीचं तेवढं राह्यलं. ते म्या आजवर कोनाले नाही सांगतलं."

"शरयू, रेकॉर्डर चालू कर," सर म्हणाले आणि ओट्यावर बसले. मी रेकॉर्डर हातात धरून समोर पाटावर बसले.

अकरा वाजले. बाईनं फाटकाकडे पाहिलं. मग सरांकडे. मग पुन्हा फाटकाकडे. ती घाबरली नाही, नुसती नवल करत होती.

"जुळे व्हय का तुमी?"

सरांनी मान फाटकाकडे वळवली.

"सरका जराशे, मास्तर. त्यायले बसू द्या."

सर सरकले. बाईनं आतून पाण्याचा आणखी एक गिलास आणून रिकाम्या जागेपुढे ठेवला. मला तिथे सारवलेल्या जमिनीशिवाय काही दिसत नव्हतं.

मग ती बोलू लागली. छकुली तिची पाचवी पोर. सहा वर्षांची होती. तापानं फणफणली, आणि घरातले सगळे पेरणीला गेलेले. बाई अधूनमधून थांबायची, मान हलवायची, मग पुढचं सांगायची. शेवटी पदरात तोंड लपवून रडली. सुटल्यासारखी रडली.

मी वाकून चपला घालत होते, तेव्हा खांद्यावर हात पडला. "चल शरयू, निघू."

फाटकाबाहेर आल्यावर मी रेकॉर्डर बंद केला आणि सरांना गाडीत बसवलं.

खामगावच्या अलीकडे मी गाडी चालवताना ते रेकॉर्डिंग लावलं. बाईचा आवाज छान आला होता. ती जिथे जिथे थांबली होती तिथे कुणीतरी हळूच विचारत होतं, "मग?" "मग काय झालं?" सरांचा आवाज. तेवढा सगळा वेळ सरांचे ओठ हललेही नव्हते. मी समोरच बसले होते.

शेवटी तिचं रडणं. चपलांचा आवाज. "चल शरयू, निघू."

माझा आवाज, "हो सर."

पावलं. दोघांची.

मग मागून, दूर राहिलेला, तोच आवाज. "शरयू? अगं, मी इथंच आहे. शरयू?"

फाटकाची कडी वाजली आणि रेकॉर्डिंग संपलं.

मी गाडी कडेला घेतली. वळवली आणि पिंपळगावच्या दिशेनं जेवढी पळवता येईल तेवढी पळवली.

शेजारच्या सीटवरून कुणी काही विचारलं नाही. मान किंचित कलती करून ते ऐकत होते.